डावखुऱ्याच्या हाती उजवी बास गिटार

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत ढोलकी आणि झांज यांच्या शेजारी आता बास गिटारही दिसते, ह्याचे कोणास नवल राहिलेले नाही. लग्नघरी रात्री सेगा सुरू झाला की पाय उचलायला लावते ती रावान. पण लाउडस्पीकर लावलेल्या मंडपात त्या रावानला खालून आधार देते ती बास. चार जाड तारा, लांब दांडी आणि पोटात घुमणारा आवाज. मुलांना ती शिकावीशी वाटते, आणि त्यांनी ती शिकावी असेच आमचेही मत आहे. अडचण येते ती मूल डावखुरे असले म्हणजे.

डावखुरी माणसे जगात साधारण दहात एक असतात. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन तरी मुले डाव्या हातात पेन्सिल धरतात. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत अशा मुलाच्या बोटांवर पट्टी बसे. प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नाही, आरतीला डावा हात लावायचा नाही, हे वळण आम्हांसही लावलेले आहे आणि देवघरापुरते ते आम्ही आजही पाळतो. परंतु आपल्या भाषेनेही डाव्या हाताशी थोडा अन्यायच केलेला आहे. एखाद्याला बाजूला सारले की ‘डावलले’, कमी प्रतीचे ते ‘डावे’, सरस ठरले ते ‘उजवे’, आणि पंगतीत भेदभाव केला की ‘डावे-उजवे केले’. फ्रेंचांचेही तसेच, त्यांच्याकडे ‘गोश’ म्हणजे डावा आणि ‘गोश’ म्हणजेच गबाळा. तेव्हा डावखुऱ्या मुलाने उजव्या हाताचे वाद्य उलटे धरले की घरात प्रथम हसू येते आणि मग सल्ला येतो, “बाळा, नीट धर.”

आपल्या जुन्या वाद्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. ढोलकी दुसऱ्या अंगाने फिरवून धरली की काम झाले. तबला-डग्ग्याची जागा बदलली की डावखुरा वादक आरामात बसतो. रावान तर मांडीवर कशीही टेकवावी. बास गिटारीचे मात्र तसे नाही. तिच्या तारा ठरलेल्या क्रमाने लावलेल्या असतात: हनुवटीकडे सर्वांत जाड ई, तिच्याखाली ए, मग डी, आणि गुडघ्याकडे सर्वांत बारीक जी. फ्रेंच पद्धतीने शिकलेले आपले वादक ह्यांनाच मी, ला, रे, सोल म्हणतात. गिटार नुसती उलटी धरली तर हा सारा क्रम डोक्यावर पाय करून उभा राहतो. मग डावखुऱ्याने करावे काय?

मार्ग चार आहेत. पहिला, उजव्या हाताच्या माणसासारखेच वाजवायला शिकणे. दुसरा, गिटार उलटी धरून तारा तशाच ठेवणे आणि सगळी बोटे उलट्या क्रमाने शिकणे. तिसरा, डावखुऱ्यांसाठी बनविलेली गिटार मागविणे. चौथा, घरात आहे तीच उजवी गिटार डावी करून घेणे.

पहिल्या मार्गाने थोर वादक झालेले आहेत. मार्क नॉफ्लर डावखुरे, पण गिटार उजव्या पद्धतीने वाजवितात. दुसऱ्या मार्गाने जिमी हॅस्लिप ह्यांनी बासवर नाव मिळविले. आणि बीटल्स मंडळींत तर दोन डावखुरे होते, ज्यांनी दोन निराळे मार्ग धरले. रिंगो स्टार ह्यांना त्यांच्या आजीने लहानपणी उजव्या हाताने लिहावयास लावले, असे त्यांनीच सांगितले आहे. ते उजव्या मांडणीच्या ड्रमवर बसले आणि त्यांच्या हातांचा तो उलटा-सुलटा ओघच त्यांची खूण ठरला. पॉल मॅकार्टनी ह्यांना मात्र उजवी गिटार जमेना. वडिलांनी दिलेला ट्रंपेट देऊन त्यांनी झेनिथ कंपनीची गिटार घेतली होती. पुढे एका डावखुऱ्या गायकाचे चित्र पाहून त्यांना उमगले की तारा उलट लावता येतात. १९६१ साली हॅम्बुर्ग शहरात त्यांनी होफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली. तिच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावीकडे धरली तरी ती विचित्र दिसत नाही, हे त्यांच्या पसंतीचे एक कारण होते. ती बास १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेली आणि एकावन्न वर्षांहून अधिक काळानंतर सापडून त्यांच्याकडे परत आली. २०२४ साली ही बातमी जगभर छापून आली.

तेव्हा मूल लहान असेल, वाद्य अजून हाती धरलेले नसेल आणि उजवीकडून धरल्यावर त्याला अवघडल्यासारखे वाटत नसेल, तर पहिला मार्ग खुशाल घ्यावा. दोन्ही हातांना काम सारखेच आहे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु बासमध्ये ताल ज्या बोटांतून निघतो ती तार छेडणारी बोटे. सेगाच्या सहा मात्रांच्या झोक्यात ती बोटे जरा मागेपुढे झाली की नाचणाऱ्याला कळते. ज्या मुलाचा ताल डाव्या हातात आहे, त्याला तो हात पडद्यांवर अडकवून ठेवावयास सांगणे आम्हांस पटत नाही. दोन-तीन महिने प्रयत्न करूनही हात वळत नसेल तर हात सोडून द्यावा आणि वाद्य वळवावे.

आमच्या परिचयाच्या एका घरी हाच प्रश्न उभा राहिला होता. मुलगी चौदा वर्षांची, डावखुरी. घरात तिच्या काकांची बास होती. काका हॉटेलांतून सेगा वाजवीत, आणि ते गेल्यावर ती गिटार कपाटावर पेटीत पडून होती. मुलीने ती उतरविली, उलटी धरली आणि तेथेच अडली. दुकानात विचारले तर नवीन डावी गिटार मागवा, असे उत्तर मिळाले. मागविण्याचा खर्च वडिलांना झेपण्यासारखा नव्हता. आणि काकांच्या गिटारीला हत्यार लावावे, हे त्यांच्या मनास येईना. त्यांचे म्हणणे आम्हांस समजत होते. म्हणून आम्ही एक नियम सुचविला: जे परत पूर्ववत करता येते ते आधी करावे, आणि जे करता येत नाही त्याला शेवटपर्यंत हात लावू नये. पुढील मजकूर ह्याच क्रमाने लिहिला आहे.

काकांची गिटार फेंडर प्रिसिजनच्या नमुन्यावर बनविलेली होती. लिओ फेंडर ह्यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली. दांडीवर पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून ते नाव. आज हाती येणाऱ्या बहुतेक बास ह्याच घराण्यातील असतात, म्हणून उदाहरणास ती सोयीची आहे. घोडीपासून दांडीच्या टोकावरील पट्टीपर्यंत तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर.

प्रथम तारा. जुन्या तारा उलट लावून पाहू, असे मनात येते, पण ते बहुधा जमत नाही. ह्या गिटारीच्या चारही खुंट्या डोक्याच्या एकाच बाजूस रांगेत असतात. उजव्या मांडणीत जाड ई तार सर्वांत जवळच्या खुंटीला जाते, म्हणून ती आखूड कापलेली असते. उलट मांडणीत तीच तार सर्वांत लांबच्या खुंटीपर्यंत पोचावी लागते, आणि जुनी तार तेथवर पोचत नाही. म्हणून लांब स्केलचा नवा संच घ्यावा. तार कापण्यापूर्वी ती घोडीत ओवून, डोक्यावर आडवी धरून, खुंटीला दोन-तीन वेढे बसतील इतकी शिल्लक राहते ना हे पाहावे. चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोग्रॅमच्या घरात जातो. तेव्हा त्या हळूहळू सैल कराव्यात, ताणलेली तार पकडीने तोडू नये. डोक्यावर दोन बारीक तारांना दाबून धरणारी एक गोल चकती असते. आता तिच्याखालून जाड तारा जातील, तेव्हा तिचा स्क्रू थोडा सैल करावा लागतो.

दुसरी गोष्ट नट, आणि खरे कौशल्य येथेच आहे. नाटकातील नट नव्हे. दांडी आणि डोके ह्यांच्या सांध्यावर बसविलेली हाडाची किंवा प्लास्टिकची बारीक पट्टी. आपल्याकडील वादक तिला फ्रेंच शब्दाने ‘सिये’ म्हणतात. तिच्यात चार खाचा असतात आणि प्रत्येक खाच आपापल्या तारेच्या जाडीची असते. सर्वसाधारण संचात ई तार २.६७ मिलिमीटर जाड, ए २.१६, डी १.६५ आणि जी १.१४. म्हणजे जाड तार बारीक तारेच्या दुपटीहून जाड. जी तारेच्या खाचेत ई तार शिरतच नाही, वर तरंगते. आणि ई तारेच्या खाचेत जी तार तळाशी लोळते, इकडेतिकडे सरकते आणि झणझणते.

पुष्कळजण म्हणतात की पट्टी काढून उलटी बसवावी. युक्ती चांगली आहे, पण पुरी नाही. खाचांचा तळ सपाट नसतो. तो डोक्याकडे किंचित उतरता कापलेला असतो, म्हणजे तार पडद्यांच्या बाजूच्या कडेवर टेकते आणि ३४ इंच तेथून मोजले जातात. पट्टी फिरविली की हा उतार उलटा होतो, तार मागच्या कडेवर टेकते आणि सूर बिघडतो. चार दिवस वाजवून पाहण्यापुरती फिरविलेली पट्टी चालेल. कायमची करावयाची असेल तर नवी डाव्या मांडणीची पट्टी घ्यावी, किंवा हाडाची कोरी पट्टी आणून बारीक कानशीने खाचा पाडाव्यात.

जुनी पट्टी काढताना तिच्या कडेने रोगणावर धारदार चाकूची रेघ आधी ओढावी, नाहीतर रोगणाचा पापुद्रा सोबत निघतो. मग लाकडाचा लहान ठोकळा पट्टीला टेकवून हातोडीने हलकेच टकटक करावे, ती सुटते. नवी बसविताना सरसाचा एखादा थेंब पुरे, कारण पट्टीला जागेवर तारांचा ताणच धरून ठेवतो आणि पुढे कधी काढावयाची झाली तर सहज निघाली पाहिजे. खाच किती खोल करावी ह्याची कसोटी सोपी आहे. तार तिसऱ्या पडद्यावर दाबावी आणि पहिल्या पडद्यावर पाहावे. तेथे तार आणि पडदा ह्यांत केसाएवढी फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर आणखी कानस चालवावी. फट मुळीच नसेल तर खाच फार खोल गेली, आणि कानशीने गेलेले हाड परत येत नाही. म्हणून दोन घासा आणि एकदा पाहा. शिशाच्या पेन्सिलीची थोडी पूड खाचेत घातली की तार अडखळत नाही.

तिसरी घोडी. ह्या गिटारीच्या घोडीवर प्रत्येक तारेची स्वतंत्र बैठक असते व ती स्क्रूने मागेपुढे सरकते. जाड तारेची बैठक मागे आणि बारीकीची पुढे असा नियम आहे. म्हणून ई आणि जी ह्यांच्या बैठका स्क्रू व स्प्रिंगसकट अदलाबदल कराव्यात, तसेच ए आणि डी ह्यांच्या. मग सूर तपासावा. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून छेडले की वरच्या सप्तकाचा घंटेसारखा सूर निघतो. आता तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर बैठक मागे न्यावी, उतरता असेल तर पुढे आणावी. कानाने पटत नसेल तर सूर दाखविणारे यंत्र वापरावे. त्यात कमीपणा नाही.

हे सारे अकूस्टिक गिटारीला लागू करू नये. तिची घोडी लाकडाला चिकटविलेली असते, तिच्यावरची पट्टी तिरकी बसविलेली असते आणि आतील लाकडी पट्ट्याही बहुधा एकाच बाजूला अनुसरून लावलेल्या असतात. तेथे कारागिराकडेच जावे.

पिकअपविषयी मुलीच्या वडिलांना फार काळजी होती. विजेचे प्रकरण, आता आवाज जाईल काय? आवाज जात नाही. १९५७ सालापासून प्रिसिजन बासचे पिकअप दोन तुकड्यांत असते, प्रत्येक तुकडा दोन तारांना. जाड तारांचा तुकडा दांडीकडे आणि बारीक तारांचा घोडीकडे. गिटार फिरविली की हे उलटे होते. जाड तारांचा आवाज किंचित आटोपशीर येतो आणि बारीक तारांचा किंचित गोल. आम्हांस तर तो आवाज अधिक आवडला, कारण खालचे सूर एकमेकांत कालवले जात नाहीत. दांडीच्या पोटातील लोखंडी सळई मधोमध असते, तिला काही करावे लागत नाही. आवाजाच्या गुंड्या मात्र आता वरच्या बाजूस येतात आणि कोपरापुढचा हात त्यांना लागतो; केबलची खाचही वर येते, म्हणून काटकोनात वळलेला प्लग घ्यावा आणि केबल पट्ट्यातून वळवून सोडावी. खुंट्या जमिनीकडे तोंड करतात. त्या कोणत्या दिशेने फिरवावयाच्या हे हाताला आठवडाभर समजत नाही, मग समजते.

एथवर केलेले सगळे परत फिरविता येते. राहिला तो पट्टा.

खांद्यावरचा पट्टा गिटारीच्या वरच्या लांब शिंगावरील बटणाला अडकतो. गिटार फिरविली की ते शिंग खाली जाते आणि आखूड शिंग वर येते. बटण आखूड शिंगावर लावावयाचे तर लाकडात नवे भोक पाडावे लागते. भोक बुजविता येते, पण खूण राहते. शिवाय शिंग आखूड असल्यामुळे तोल बदलतो आणि उभ्याने वाजविताना डोके खाली झुकू पाहते. वडील म्हणाले, भोक नको. मुलगी काहीच बोलेना. बसूनच वाजवीन म्हणावे, तर मंडळाच्या कार्यक्रमात बसून कोण वाजवितो? आम्ही त्यांना सांगितले की निर्णय आमचा नाही, आणि खरे पाहता तुमचाही नाही. काकींना विचारा.

काकी आल्या, तेव्हा तारा लावून झाल्या होत्या. त्यांनी मुलीला वाजवावयास सांगितले. मुलीला तेव्हा चार-पाच सूरच येत होते. ते तिने वाजविले. काकींनी गिटारीची पाठ उलटून पाहिली. तेथे काकांच्या कमरपट्ट्याच्या कडीने घासून रोगण उडालेले होते, हाताएवढा डाग. मग क्रेओलमध्ये त्या जे म्हणाल्या त्याचा मराठी अर्थ असा: ह्यांनी एवढे खरवडले, त्यात तुझे एक भोक काय जड आहे?

भोक पाडताना स्क्रूपेक्षा बारीक ड्रिल घ्यावे, जागेवर कागदी चिकटपट्टी लावावी म्हणजे रोगण फुटत नाही, आणि स्क्रूला साबण लावून तो हाताने फिरवीत बसवावा. डोके झुकण्यावर उपाय म्हणजे आतून खरखरीत असलेला रुंद चामड्याचा पट्टा. तो खांद्यावरून घसरत नाही. वरच्या पडद्यांपर्यंत हात पोचण्यास आता लाकूड आडवे येते, हे मान्य केले पाहिजे. पंधराव्या पडद्यापुढे बोटे ताणावी लागतात. सेगात किंवा आपल्या आरत्यांत तेथवर जाण्याचे काम क्वचितच पडते, म्हणून त्याची खंत आम्ही केली नाही.

दांडीच्या काठावरील ठिपके, ज्यांकडे पाहून वादक पडदा ओळखतो, तेही आता खालच्या अंगास गेले. वरच्या काठावर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या पडद्याच्या घरात नखांच्या रंगाचे ठिपके दिले की पुरते. मुलीने लाल रंग निवडला.

आपल्या हवेबद्दल एक सूचना. क्युरपीप-वाक्वाकडील ओल आणि किनाऱ्यावरील खारी हवा दोन्ही गिटारीला सोसत नाहीत. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. नव्या ताणाखाली दांडी बसावयास काही दिवस जातात, म्हणून पहिला आठवडा रोज सूर लावावा आणि घोडीची शेवटची जुळवाजुळव त्यानंतरच करावी. पहिल्याच रात्री सारे पक्के करून टाकणाऱ्याला आठवड्याने पुन्हा पेचकस शोधावा लागतो.

काढलेली जुनी पट्टी, जुने बटण आणि जुन्या तारा फेकू नयेत. काकांच्या गिटारीच्या ह्या वस्तू बिस्किटांच्या डब्यात, कोणती कोठली ते लिहून, कपाटावर ठेवल्या आहेत. मुलीची धाकटी बहीण उजव्या हाताची आहे, आणि डबा कोठे ठेवला हे तिने आमच्याकडून आधीच विचारून घेतले आहे.